ठिकाण लपवून पक्षी वाचत नाहीत

दर वर्षी गणपती उठले की पक्षीनिरीक्षकांमध्ये एक जुना वाद नव्यानं उकरला जातो. कुणाला रायगडातल्या आक्षीच्या पुळणीवर एखादा दुर्मीळ चिखल्या (किनाऱ्यावर चरणारा लहान पक्षी) दिसतो, कुणाला नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला हंगामाआधीच आलेली बदकं दिसतात, आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ठिकाण कुणाला सांगू नका, नाहीतर उद्या सकाळी तिथं कॅमेऱ्यांची रांग लागेल. दुसरा म्हणतो, निसर्ग कुणा एकाच्या मालकीचा नाही, सगळं जाहीर करा, गावाला पर्यटनातून चार पैसे मिळू द्या. वाद तापतो, जुने राग बाहेर पडतात आणि दिवाळीपर्यंत सगळं विरून जातं. मला पहिल्या तटाची कळकळ पटते, पण निष्कर्ष पटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्यावर आणि तलावांवर उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची ठिकाणं उघड असली पाहिजेत, तारीखवार नोंदलेली असली पाहिजेत आणि सगळ्यात आधी ती त्या त्या गावाला माहीत असली पाहिजेत.

हा वाद वाईट पद्धतीनं लढला जातो, कारण दोन्ही बाजू माणसांबद्दल भांडतात. कोण हौशी, कोण खरा अभ्यासक, कुणाचा फोटो आधी. त्यात पक्ष्याचं वेळापत्रक कुठंच नसतं. घुबडाची ढोली, गरुडाचं घरटं आणि ओहोटीला उघडी पडणारी दोन किलोमीटरची चिखलवट या तिन्हींना ‘ठिकाण’ या एकाच नावाखाली बसवलं जातं आणि तिन्हींना एकच नियम लावायचा हट्ट धरला जातो. ढोलीतला पक्षी तिथून हलू शकत नाही आणि ती ढोली कुणी नगररचनेच्या नकाशातून पुसायला निघालेलं नसतं. चिखलवटीचं तसं नाही. तिच्यावर भराव पडतो, तिच्या तोंडाशी बांध घातला जातो, भरतीचं पाणी अडवलं जातं आणि एका पावसाळ्यात ती नाहीशी होते.

आधी या हंगामाकडे जरा जवळून पाहू. रायगडच्या किनाऱ्यावर सप्टेंबरात जे वाळू चिखले दिसतात, ते तिबेट-लडाखच्या पठारांवर वीण करून आलेले असतात. सँडरलिंग आणि कर्ल्यू सँडपायपर हे किनारपक्षी तर आर्क्टिकमधून येतात. यातल्या अनेक जातींत प्रौढ पक्षी आधी निघतात आणि त्या वर्षीची पिल्लं मागाहून, आईबापांशिवाय, स्वतःच्या बळावर येतात. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला वाळूवर पळणाऱ्या थव्यात दोन-तीन महिन्यांपूर्वी अंड्यातून बाहेर आलेले, हा किनारा जन्मात पहिल्यांदा पाहणारे पक्षी पुष्कळ असतात. पिसांच्या फिकट कडांमुळे पाठीवर खवल्यांसारखी नक्षी दिसते, त्यावरून ते ओळखू येतात. चिखल्या चार पावलं धावतो, थबकतो, मान तिरकी करतो आणि वाळूत चोच घालून एक बारीक किडा ओढून काढतो. हे सगळं ओहोटीतच जमतं. भरती चढू लागली की जेवणाचं ताट पाण्याखाली जातं आणि थवा पाण्याच्या रेषेच्या वर, एखाद्या वाळूच्या टोकाला, खडकावर किंवा जवळच्या मिठागरात जाऊन वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर उभा राहतो. भरती ओसरेपर्यंत विश्रांती हेच त्याचं काम. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला गेलेली चरबी इथंच भरून काढायची असते आणि प्रत्येक विनाकारण भरारीनं ती पुन्हा जळते.

म्हणूनच लपवणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी आधीच मान्य करतो. भरतीच्या वेळी विसावलेल्या थव्याकडे एक माणूस मोठी लेन्स घेऊन सरकत गेला, की सगळा थवा उठतो. तो गेला की दुसरा येतो. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून नाव मुद्दाम जवळ घालायला लावणारे लोक उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणला येतात. कुरव या समुद्रपक्ष्यांना फरसाण टाकून डोक्याभोवती फिरवणारे तर सगळीकडे आहेत. ठिकाण कळलं की गर्दी होते आणि गर्दीतला प्रत्येक जण समजूतदार नसतो, हे खरं आहे. जाळं लावणाऱ्यालाही माहिती मिळू शकते, हेही खरं. या काळजीला ‘तुम्हाला फक्त स्वतःचं राज्य हवंय’ असं उत्तर देणं अन्यायाचं आहे. ती काळजी पक्ष्यावरच्या मायेतून आलेली आहे.

पण गुपित नेमकं कुणापासून ठेवलं जातं, हा प्रश्न विचारून पाहा. जाळं लावणारा त्याच परिसरात वाढलेला असतो, त्याला थवा कुठं बसतो हे आपल्या आधी ठाऊक असतं. भराव टाकणाऱ्याला पक्ष्यांशी देणंघेणं नसतं, त्याच्याकडे गट क्रमांक असतो. आणि स्थानिकांचं म्हणाल, तर आक्षीजवळ आमच्यातल्या एकानं दुर्बीण लावलेली असताना जाळं सुकवत बसलेल्या काकांनी विचारलं, “काय बघता एवढं?” त्यानं सवयीनं सांगितलं, “काही नाही काका, असंच.” काकांनीच मग हातानं दाखवलं, “ते बारके पक्षी ना? नवरात्राच्या आधी येतात. उधाणाला त्या तिकडच्या टोकाला बसतात सगळे.” त्यांना बसायची जागा माहीत होती, हंगाम माहीत होता. माहीत नव्हतं ते एवढंच, की हा पक्षी कुठून येतो आणि त्या टोकाला त्याच्या लेखी किती किंमत आहे. ते सांगायचं काम आमचं होतं आणि आम्ही ‘काही नाही’ म्हणून मोकळे झालो. आज त्या किनाऱ्यावर पक्ष्यांना सगळ्यात जास्त उठवतात त्या वाळूवर फिरणाऱ्या गाड्या, चारचाकी बाइकच्या फेऱ्या आणि मोकाट कुत्री. पक्षी पाहायला येणारी मूठभर माणसं त्या मानानं कुठंच नाहीत. गुपितानं ही मूठभर माणसं लांब राहतात आणि गाड्या तशाच फिरत राहतात.

आता कायद्याकडे येऊ, कारण या वादात ज्याच्याकडे पाहिलंच जात नाही असा भाग हाच आहे. केंद्र सरकारच्या पाणथळ जागांविषयीच्या 2017 च्या नियमांत पाणथळ जागेच्या व्याख्येतून काय काय वगळलं आहे, ते वाचून पाहावं. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मनोरंजनासाठी आणि मीठ पिकवण्यासाठी केलेली बांधकामंही वगळली आहेत. महाराष्ट्रातल्या घाटावरच्या स्थलांतरित पक्ष्यांची ठिकाणं आठवा: उजनी, जायकवाडी, नांदूरमध्यमेश्वर आणि तालुक्यातालुक्यांतले पाझर तलाव. जवळजवळ सगळी माणसानं बांधलेली, बहुतेक सिंचनाची. कोकणात भरतीच्या वेळी थवे जिथं विसावतात, त्यातली मिठागरंही याच यादीत. काही जागांना अभयारण्याचं कवच मिळालं आहे. बाकीच्या शेकडो तलावांना या नियमांचं संरक्षण नाही. मग अशा तलावाच्या बाजूनं बोलायचं तर हातात काय असतं? फक्त नोंदी. अमुक तारखेला, अमुक तलावावर, अमुक जातीचे इतके पक्षी.

रामसर या पाणथळ जागांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या निकषांत पक्ष्यांचे दोन निकष आकड्यांवर उभे आहेत: जिथं नियमितपणे 20,000 पाणपक्षी असतात किंवा एखाद्या जातीच्या त्या भागातल्या एकूण संख्येपैकी 1 टक्का पक्षी असतात, ती जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. म्हणजे मोजल्याशिवाय आणि जाहीर केल्याशिवाय दावाच करता येत नाही. गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा शतकभर गाळ साठवत राहिला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो गाळ म्हणजे तोटा. त्याच गाळानं उथळ पाणी आणि बेटं तयार केली, त्यावर भुवई बदकं, थापटे, तुतवार उतरू लागले आणि चापडगावच्या बाजूनं लोक ते वर्षानुवर्षं मोजत राहिले. 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 मध्ये महाराष्ट्राची पहिली रामसर जागा म्हणून नाव जाहीर झालं. यातलं काय गुपितातून घडलं असतं? ठाण्याच्या खाडीचीही तीच गोष्ट. शिवडीच्या धक्क्यावरून रोहित (फ्लेमिंगो) पाहायला निम्मी मुंबई लोटत होती, तेव्हाही गर्दीबद्दल तक्रारी होत्याच. पण त्या गर्दीतूनच खाडीच्या बाजूनं बोलणारं शहर तयार झालं. 2015 मध्ये तिथं अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये खाडी रामसर यादीत गेली. याउलट उरणच्या पाणजे आणि भेंडखळच्या पाणथळ जागा. त्या वाचवण्याचा लढा अजून चालू आहे आणि त्या लढ्यात पक्ष्यांच्या बाजूचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे वर्षानुवर्षांच्या उघड नोंदी.

शरद ऋतूच्या बाबतीत तर नोंदींची गरज आणखी मोठी आहे. आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे 1987 पासून दर जानेवारीत होते. ती फार मोलाची आहे, पण ती जानेवारीची आहे. तोवर शरदातले वाटसरू निघून गेलेले असतात. काही जाती आपल्याकडे केवळ सप्टेंबर ते नोव्हेंबरात, आफ्रिकेच्या वाटेवर, काही दिवसांसाठी टेकतात. युरोपियन नीलपंख, ठिपकेदार माशीमार, अमूर ससाणा. पाणपक्ष्यांमध्येही एखाद्या जागी शरदात मोठी संख्या असते आणि हिवाळ्यात थोडी. उजनीचंच पाहा: ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं, चिखलवट पाण्याखाली असते, म्हणून पर्यटनाचा हंगाम डिसेंबरनंतर. मग त्या दोन महिन्यांत त्या भागात उतरणारे चिखल्या-तुतवार कुठं जातात? आजूबाजूच्या लहान तलावांच्या काठांवर, तुंबलेल्या शेतांत, ज्यांची नावंही कुठं नोंदलेली नाहीत. जानेवारीच्या गणनेत हे तलाव रिकामे दिसतात. रिकामा तलाव म्हणून कागदावर आलेल्या जागेसाठी पुढं कुणी भांडत नाही. 2023 च्या ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या अहवालानं लांब पल्ल्याच्या स्थलांतरित पक्ष्यांची घट स्थानिक पक्ष्यांपेक्षा जास्त असल्याचं दाखवलं, तेही हजारो सामान्य निरीक्षकांनी ठिकाणासह जाहीर केलेल्या नोंदींच्या आधारे. त्या लोकांनी वह्या कपाटात ठेवल्या असत्या, तर ही घट आपल्याला कळली तरी असती का?

माहिती लपली किंवा बिघडली की काय होतं, याचा धडा आपल्याच खानदेशात आहे. रानपिंगळा या लहान घुबडाची शेवटची विश्वासार्ह नोंद 1884 ची. त्यानंतर एका ब्रिटिश अधिकाऱ्यानं, रिचर्ड मेनर्टझागननं, संग्रहालयातून चोरलेल्या नमुन्यावर 1914 ची तारीख आणि गुजरातमधल्या मांडवीचं नाव चिकटवलं. त्या खोट्या ठिकाणावर विश्वास ठेवून पुढं शोध झाले आणि पक्षी सापडला नाही. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, खरी जुनी ठिकाणं वेगळी काढली, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. 113 वर्षांनी! यातलं मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. शहाद्याचं नाव जाहीर झालं, पक्ष्याचा अधिवास आणि आवाज अभ्यासकांपर्यंत पोहोचला आणि मग तो मेळघाटात, तोरणमाळ परिसरात, 2014 मध्ये तर मुंबईजवळच्या तानसात सापडला. 2018 मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. खोट्या ठिकाणानं शोध भरकटला होता. शहाद्याचं गुपित ठेवलं असतं तर मेळघाट आणि तानसाकडेही कुणी वळलं नसतं.

यावर उत्तर येतं: माणूस दूर ठेवला की निसर्ग आपोआप सावरतो. राजस्थानातल्या भरतपूरला हे करून पाहिलं गेलं. नांदूरमध्यमेश्वरला आपण कौतुकानं ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतो, तेव्हा मूळ भरतपूरचा हा अध्याय लक्षात असावा. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत तिथं एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. योगायोग असा, की 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस आणि या दलदलीचं शेतीसाठी आटवण्यापासून रक्षण व्हावं म्हणून पुढं झटले तेही सालिम अलीच. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय उद्यान झालं आणि गावकऱ्यांच्या म्हशींना बंदी झाली. संघर्ष पेटला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. आणि पुढं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातूनच निष्पन्न झालं, की म्हशी थांबल्यावर गवत आणि तण माजून उघडं पाणी कमी झालं आणि त्याचा फटका पाणपक्ष्यांना बसला. ज्यांना उपद्रव समजून बाहेर काढलं, ते तलाव मोकळा ठेवत होते. ठिकाण गुप्त ठेवणं ही त्याच बंदीची घरगुती आवृत्ती आहे. ती कुंपण घालत नाही, पण गावाला निर्णयातून वगळतेच.

नागालँडमध्ये उलट घडलं. 2012 च्या शरदात दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाण्यांची जाळी लावून कत्तल होत असल्याचं काही निसर्गप्रेमींनी चित्रफितीसह, गावाच्या नावासह जगापुढं आणलं. एका हंगामात मारल्या गेलेल्या पक्ष्यांचा अंदाज लाखाच्या पुढं होता. तेव्हाही ‘नाव घेऊ नका, गाव बदनाम होईल’ असं म्हणता आलं असतं. पण नाव घेतलं गेलं, चर्चकडून, ग्रामसभांकडून, वनखात्याकडून बोलणी झाली आणि 2013 मध्ये त्याच पांगती गावानं ससाण्यांची शिकार थांबवली. त्या वर्षी उपग्रह टॅग लावलेल्या तीन पक्ष्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती अशी ठेवली गेली. हे ससाणे द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून थेट आफ्रिका गाठतात. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या माळांवर जे दिसतात ते याच वाटेवरचे. रत्नागिरीच्या वेळासमध्ये कासवाच्या घरट्यांची तीच कथा. पूर्वी अंडी उकरून नेली जात. 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नं गावाला बरोबर घेऊन घरटी राखली, पुढं कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले. घरटं कुठं आहे हे आज सगळ्या गावाला माहीत असतं. म्हणून तर ते राखलं जातं.

याचा अर्थ दुसऱ्या तटाची ‘सगळं टाका, पर्यटन येऊ द्या’ ही भूमिका बरोबर आहे असा नाही. पर्यटनाच्या नावाखाली नावा थव्यात घालणं हे गावाच्या पोटावरच पाय देणं आहे, कारण उठवलेला थवा एक दिवस परततच नाही. काही गोष्टी लपवल्याच पाहिजेत: घरटी, घुबडांच्या दिवसा बसायच्या जागा, ज्यांच्यामागं तस्करी आहे अशा जाती. ई-बर्डसारख्या नोंदणी व्यवस्थेतही संवेदनशील जातींची ठिकाणं झाकली जातात, आणि तेच योग्य आहे. पण तो अपवाद आहे. वाळूवर, चिखलवटीवर, तलावाच्या काठावर शेकड्यांनी उतरणाऱ्या पक्ष्यांना तो अपवाद लावला, की जागेच्या बाजूचा पुरावाच नाहीसा होतो.

‘आधी नियम होऊ देत, मग ठिकाणं सांगू’ असंही म्हटलं जातं. हा क्रम ऐकायला शहाणा वाटतो, पण तसं कुठं घडताना दिसत नाही. उधाणाच्या दोन-तीन तासांत अमुक टोकाकडे गाड्या जाऊ नयेत, असा ठराव ग्रामपंचायतीनं करायचा तर टोक कोणतं हे तिला सांगावं लागेल. भरतीच्या वेळा लिहिलेला फलक लावायचा तर त्यावर जागेचं नाव असेल. नावाड्यानं थव्यापासून किती लांब थांबायचं हे ठरवायचं तर नावाडी त्या बैठकीत हवा. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. व्याख्यानं होतात, शाळांत चित्रं काढली जातात. माझी मागणी आहे की त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, एका मोठ्या भरतीच्या दिवशी रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यावर आणि त्याच आठवड्यात घाटावरच्या लहान तलावांवर एकत्र मोजणी व्हावी. मोजणीला कोळीवाड्यातली आणि तलावकाठची माणसं बरोबर असावीत आणि आकडे जागेच्या नावासकट जाहीर व्हावेत. त्याच रेवस ते रेडी पट्ट्यात सागरी महामार्गाचं काम चालू आहे. धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर पूल होत आहेत. पुलाला माझा विरोध नाही, पलीकडच्या गावातल्या बाळंतिणीला त्याची गरज आहे. पण भराव कुठं पडेल, राडारोडा कुठं टाकला जाईल आणि कुठल्या महिन्यात काम थांबवता येईल, हे ठरत असताना खाडीच्या मुखाशी सप्टेंबरात कोण उतरतं याची नोंद त्या टेबलावर असायला हवी. ती नोंद आहे. पंधरा-वीस जणांच्या वह्यांत आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ठिकाणाच्या रकान्यात फक्त ‘रायगड जिल्हा’ लिहून ठेवलं आहे.